‘कुठे लागलाय?’ ते ‘कशावर आहे?’

पूर्वी कुणी सिनेमाचं नाव काढलं की पहिला प्रश्न यायचा, ‘कुठे लागलाय?’ उत्तरात थिएटरचं नाव असायचं आणि त्या एका नावावरून पुढचं सगळं ठरायचं: बस कुठली, तिकीट केवढ्याचं, बरोबर कोण, घरी काय सांगून निघायचं. आता प्रश्न असतो, ‘कशावर आहे?’ आणि उत्तर आलं की त्याच्या मागोमाग, ‘तुझा पासवर्ड दे ना.’

आमच्या घरच्या ग्रुपवर शनिवारी रात्री पाहिलेल्या सिनेमांचे निकाल रविवारी सकाळी लागतात. नाशिकची मावशी सहाला उठते, म्हणून पहिला निकाल तिचा. मग ठाण्याचा भाचा, जो रात्री तीनपर्यंत जागलेला असतो. टोरांटोची चुलतबहीण आमच्या संध्याकाळी उगवते आणि ‘इथे दिसतच नाहीये हा’ असं कळवून हळहळते, कारण तोच प्लॅटफॉर्म असला तरी देश बदलला की दुकानातला माल बदलतो. माणसं सहा, सिनेमे चार, मतं निदान नऊ. यात रागावणं, ग्रुप सोडणं आणि आठ दिवसांनी परत येणं हे सगळं होऊन गेलेलं आहे. एका अख्ख्या दिवाळीत दोन मेहुणे एकमेकांशी बोलत नव्हते ते एका दाक्षिणात्य मारधाडपटावरून.

या मतांची एक स्वतंत्र भाषा तयार झाली आहे. वर्तमानपत्रातले तारे तिच्यापुढे अगदीच गरीब वाटतात. ‘बघणेबल आहे’ म्हणजे पास, पण काठावर. ‘वन टाइम वॉच’ म्हणजे सांगणाऱ्याला आवडलेला नाही, पण दोन तास वाया गेले हे कबूल करायचं नाही. ‘डोक्याला शॉट’ला व्याख्या लागत नाही. ‘पळवत पळवत पाहिला’, ‘अर्ध्यात सोडला’, ‘मला झोप लागली पण चांगला असावा’ या तीन वाक्यांनी तर समीक्षेचा एक नवा विभागच उघडला आहे. आणि मावशीची खास प्रतवारी: ‘पोळ्या लाटताना चालेल’, ‘भाजी निवडताना चालेल’ आणि ‘बसून बघ’. ‘बसून बघ’ हा तिचा सर्वोच्च पुरस्कार. वर्षातून दोन-तीन सिनेमांना मिळतो.

मला ही प्रतवारी हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. घरी पाहिलेल्या सिनेमाबद्दल बोलताना आपण सगळे जे लपवतो ते मावशी उघड सांगते: सिनेमा चालू असताना हात कशात होते.

घरी सिनेमा बघणं ही ओटीटीची देणगी नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढे शनिवारी संध्याकाळी मराठी, रविवारी हिंदी सिनेमा हा घराघरातला नेम झाला. ‘घराघरातला’ म्हणणं तसं चुकीचंच, कारण टीव्ही चाळीत एखाद्याच घरात असायचा. त्या घरच्या खोलीत पुढे मुलं मांडी घालून, मागे बायका, दाराशी पुरुष उभे. सिनेमाच्या मध्येच बातम्या यायच्या, तेवढ्यात बायका कुकर लावून यायच्या. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ची पाटी आली की कुणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा आणि खालून ‘आला, आला, गेला!’ असा पुकारा चालायचा, जरी दोष केंद्राचा असला तरी.

तिथली मतं कशी होती? एकच सिनेमा, एकच वेळ, सगळं शहर. सोमवारी शाळेत, बँकेत, लोकलच्या डब्यात एकाच सिनेमावर बोलणं व्हायचं. निवड आपली नसल्यामुळे मतात एक मोकळेपणा होता. ‘शी, काय लावला होता’ हे दूरदर्शनला उद्देशून म्हणता यायचं, त्यात कुणाच्या आवडीचा अपमान नव्हता. आज मी सुचवलेला सिनेमा तुम्हाला आवडला नाही तर मला तो माझ्यावरचा शेरा वाटतो. हा फरक वरवर दिसतो त्याहून मोठा आहे.

त्याच सुमाराला गणेशोत्सवात रस्त्यावर पडदा बांधून सिनेमा दाखवत. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं बसत. मागच्या बाजूला बसलेल्यांना सगळं उलटं दिसायचं: नायक डाव्या हाताने मारामारी करायचा, पाट्या आरशातल्यासारख्या. आमच्या गल्लीतला एक जण कितीतरी दिवस एका प्रसिद्ध नटाला डावखुरा समजत होता आणि त्यावर वाद घालायला तयार होता. चूक त्याची नव्हती. त्याने सिनेमा पाहिला होता, फक्त मागून.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला. कुणाचा तरी काका आखातातून व्हीसीआर घेऊन आला, नाहीतर भाड्याने मिळायचा, टीव्हीसकट. एका रात्रीचं भाडं ठरलेलं, म्हणून तीन पिक्चर सलग बघायचे, पहाटे पाचपर्यंत. वर्गणी काढलेली असे आणि वर्गणी दिलेल्या माणसाला झोपण्याचा हक्क नसे. कॅसेट हातोहात फिरून इतकी घासलेली की चेहऱ्यावरून पांढऱ्या रेषा धावायच्या, हेड साफ केलं की दहा मिनिटं बरी जायची. निवड प्रथमच घरात आली आणि तिच्यासोबत भांडण: एक हाणामारीचा, एक रडका, एक देवाधर्माचा, असा तह व्हायचा. पहाटेच्या तिसऱ्या सिनेमाबद्दल कुणाचंही मत विचारात घेण्यासारखं नसायचं. तो नेहमी वाईटच ठरायचा. माझ्या मते त्या काळी अनेक बऱ्या सिनेमांवर अन्याय झाला तो केवळ ते तिसरे लागल्यामुळे.

मग केबल. गल्लीतला केबलवाला रात्री अकराला नवा सिनेमा लावायचा, तो कुठून आणायचा हे कुणी विचारत नसे. प्रिंटमध्ये कधीकधी थिएटरातल्या माणसाचं डोकं पुढून जायचं आणि इतरांचं हसणं ऐकू यायचं. चोरीच्या मालाला मिळालेलं फुकटचं पार्श्वसंगीत. (थिएटरात असं चित्रण करणाऱ्याला आता 2023 च्या कायदादुरुस्तीनुसार तीन महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते आणि दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.)

या केबलवाल्यावरून आठवलं. घरी, छोट्या पडद्यावर सिनेमे बघणाऱ्या माणसाचा आपल्याकडचा सर्वांत मोठा नायक केबलवालाच आहे. ‘दृश्यम’मधला विजय साळगावकर. शिक्षण चौथीपर्यंत, धंदा केबलचा, आणि रात्र रात्र ऑफिसात बसून टीव्हीवर सिनेमे बघायचा नाद. मूळ मल्याळम सिनेमा 2013 चा, जितू जोसेफचा, त्यातला मोहनलालही केबलवालाच. 2015 मध्ये हिंदीत तो ‘डोंबिवली फास्ट’वाल्या निशिकांत कामतने केला आणि कथा गोव्यात आणली. साळगावकर जे काही करतो, ते तो सिनेमे बघून शिकला आहे. पोलिसांकडे सत्ता आहे, मारहाणीचा अधिकार आहे. याच्याकडे फक्त लक्ष देऊन पाहिलेले सिनेमे आहेत. कुठलं दृश्य माणसाच्या मनावर किती ठसतं, त्याला काय आठवतं आणि काय तो नंतर आठवलं असं समजतो, एवढ्या भांडवलावर तो कुटुंब वाचवतो. दर 2 ऑक्टोबरला, म्हणजे त्याच्या बनावातल्या तारखेला, पणजीचा सत्संग आणि पावभाजी यांवरचे विनोद फिरतात. तो सिनेमा बहुतेकांनी घरीच दहादा पाहिलेला आहे हे त्या विनोदांवरून कळतं. थिएटरात एकदा पाहिलेल्या सिनेमातल्या बसच्या तिकिटाची तारीख कुणाला आठवते? दूरदर्शन केंद्राचा वाढदिवसही त्याच दिवशी येतो हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो.

घरी बघण्याचा खरा नफा हा आहे: पुन्हा बघणं. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 मध्ये थिएटरातही जोरात चालला, पण आज त्यातल्या धनंजय माने यांचा पत्ता विचारल्यावर जे हसू फुटतं ते टीव्हीने पेरलेलं आहे. सिनेमा आला तेव्हा जी मुलं जन्मलीही नव्हती ती त्यातले संवाद पात्राच्या आधी म्हणतात. ‘अंदाज अपना अपना’ 1994 मध्ये लागला आणि फारसा न चालता गेला. त्याला जे काही मानाचं स्थान मिळालं ते व्हिडिओ आणि टीव्हीवर. ‘सूर्यवंशम’चं तर काय सांगावं. 1999 च्या या सिनेमाने एका वाहिनीवर इतका मुक्काम ठोकला की तो पाहणं हे मत राहिलं नाही, हवामान झालं.

थिएटरचा निकाल शुक्रवार ते रविवार तीन दिवसांत लागतो. घरचा निकाल लागायला दहा वर्षं लागू शकतात. म्हणून ज्यांना ‘फ्लॉप’ हा शब्द अंतिम वाटतो, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त थांबते.

आता जरा बाजूला वळून त्या माणसांबद्दल, ज्यांनी आपल्याला सिनेमावर बोलायला शिकवलं. मराठीत दोन परंपरा आहेत आणि त्या एकमेकींकडे थोड्या तिरक्या नजरेने बघतात. एक फिल्म सोसायटीची. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ 1968 पासून आहे. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि 1964 मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, तिथे सतीश बहादूर यांच्यासारख्या शिक्षकांनी सिनेमा वाचायला शिकवला. अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं पुस्तक, अशोक राणे, गणेश मतकरी यांचं लेखन याच रस्त्यावरचं. इथली अट स्पष्ट: अंधार, शांतता, पहिल्या चौकटीपासून शेवटच्या नावापर्यंत बसून राहायचं.

दुसरी परंपरा शिरीष कणेकरांची. ‘फिल्लमबाजी’ या एकपात्री कार्यक्रमात त्यांनी सिनेमावेड्या माणसाचं बोलणंच रंगमंचावर आणलं: टवाळी, प्रेम, तक्रार, आठवण, सगळं एका दमात. तो माणूस कुठल्याही चौकटीचं विश्लेषण करत नव्हता. तो आपल्या माणसांबद्दल बोलावं तसा नटनट्यांबद्दल बोलत होता. 2023 च्या जुलैत कणेकर गेले. घरच्या ग्रुपवरचं आपलं सगळं बोलणं त्यांच्या घराण्यातलं आहे, फक्त त्यांच्याइतका रियाज नाही.

फिल्म सोसायटीवाले म्हणत, घरी पाहिलेला सिनेमा हा पाहिलेला सिनेमा नव्हे. मला हे पूर्वी उद्धट वाटायचं. आता अर्धं पटतं. कुठलं अर्धं ते पुढे सांगते.

2016 च्या जानेवारीत नेटफ्लिक्स आणि डिसेंबरात प्राइम व्हिडिओ भारतात आले, हॉटस्टार आधीच होतं. तरी खरा पालट 2020 मध्ये झाला. 12 जूनला ‘गुलाबो सिताबो’ थेट घरी आला, मल्टिप्लेक्सवाल्यांनी जाहीर नाराजी दाखवली आणि आपण पायजमा घालून अमिताभचा ‘फर्स्ट डे फर्स्ट शो’ पाहिला. पुढच्या वर्षभरात मराठी घरांत एक घडामोड झाली जिचा अजून कुणी नीट हिशोब मांडलेला नाही: आपण मल्याळम सिनेमा बघायला लागलो. मावशीच्या तोंडी ‘फहाद’ या मल्याळी नटाचं नाव घरच्या भाच्यासारखं यायला लागलं. अक्षरं वाचत सिनेमा बघणं ही फिल्म सोसायटीची सवय, ती एका टाळेबंदीने स्वयंपाकघरापर्यंत पोचवली. ‘दृश्यम 2’ मूळ मल्याळममध्येच बघायचा, हिंदीची वाट बघायची नाही, असा हट्ट 2021 मध्ये आमच्या सत्तरीच्या काकांनी धरला होता. अर्थात अक्षरं वाचायची तर पोळ्या लाटता येत नाहीत. मावशी म्हणते, मल्याळम सिनेमे चांगले वाटतात याचं अर्धं कारण हेच आहे, ते बसूनच बघावे लागतात. या एका वाक्यात तिने मला तीन परिसंवादांइतकं शिकवलं.

याच लाटेत ‘द ग्रेट इंडियन किचन’ आला. जिओ बेबीचा हा सिनेमा मोठ्या प्लॅटफॉर्मनी आधी घेतलाच नव्हता. 15 जानेवारी 2021 ला तो नीस्ट्रीम या छोट्या मल्याळी प्लॅटफॉर्मवर आला, बोलबाला झाल्यावर एप्रिलमध्ये प्राइमवर. तो थिएटरात पाहिला असता तर वेगळा ठरला असता असं मला ठाम वाटतं, कारण तो सिनेमा ज्या खोलीबद्दल आहे ती खोली आपल्यापासून दहा पावलांवर असते. सिंकखालचा गळका पाइप, नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगूनही न येणारा प्लंबर, जेवून उठलेल्या पुरुषांनी टेबलावर टाकलेला शेंगांचा चोथा.

आमच्या शेजारच्या काकूंकडे आम्ही चौघी तो बघत होतो. काका बाजूला पेपर वाचत होते, म्हणजे बघत होते. हॉटेलचा प्रसंग आला. नवरा तिथे उष्टं नीट ताटाच्या कडेला ठेवतो, बायको हसून म्हणते की म्हणजे तुला येतं तर, आणि तो एवढ्याशा बोलण्यावर फुरंगटतो, तिला माफी मागायला लावतो. काकूंनी सिनेमा थांबवला.

‘अहो, ऐकलंत?’

‘काय? मी पेपर वाचतोय.’

‘मग पान उलटा की. पंधरा मिनिटं तेच पान धरून बसलाय.’

काका उठून आत गेले. आतून भांडी विसळल्याचा आवाज आला, तोही फार जोरात. काकूंनी रिमोट दाबला आणि पडद्याकडेच बघत म्हणाल्या, ‘उद्या काही नाही करणार हो, हे आजचंच.’

सिनेमा मधेच थांबवणं हा दिग्दर्शकाचा अपमान असं मी एरवी म्हणते. पण त्या दिवशी थांबवल्यामुळे तो सिनेमा पुरा झाला. थिएटरात काकूंना हे बोलता आलं नसतं आणि घरी येईपर्यंत रिक्षाच्या भाड्यावरून विषय बदलला असता. 2025 मध्ये त्याचा हिंदी अवतार ‘मिसेस’ आला तेव्हा बायकांची आणि पुरुषांची मतं सरळ दोन गोटांत विभागली गेली. तोही लोकांनी घरीच पाहिला होता, एकाच सोफ्यावर बसून.

हे झालं घरच्या मताचं बळ. आता त्याचं कच्चं काय आहे ते.

‘पाहिला’ या क्रियापदाचा अर्थ पातळ झाला आहे. 2020 च्या जानेवारीत नेटफ्लिक्सने आपली मोजणी बदलली आणि ठरवलं की एखाद्याने मुद्दाम लावून दोन मिनिटं पाहिलं की तो प्रेक्षक धरायचा. त्याआधी सत्तर टक्के सिनेमा पाहिला तर धरत. दोन मिनिटांत तर निर्मितीसंस्थांची बोधचिन्हंही संपत नाहीत. पुढे 2021 च्या शेवटी त्यांनी एकूण किती तास पाहिलं हे सांगायला सुरुवात केली आणि 2023 पासून ते तास सिनेमाच्या लांबीने भागून येणारा आकडा देतात. हे गणित प्रामाणिक वाटतं, पण दोघांनी अर्धा अर्धा पाहिला की एकाने पूर्ण पाहिल्यासारखं होतं. आमच्या घरी नेमकं असंच होतं: पहिला अर्धा मी, झोप लागल्यावर दुसरा अर्धा मुलगा. मग रविवारी आम्ही दोघं मत देतो.

2017 मध्ये नेटफ्लिक्सवरचे पाच तारे जाऊन अंगठा आला, वर किंवा खाली. 2020 मध्ये दीडपट वेगाने बघायची सोय फोनवर आली. ती चाचणीत असतानाच दिग्दर्शकांनी आरडाओरडा केला होता. भाचा दीडपट वेगाने बघतो आणि सिनेमाला ‘फास्ट’ म्हणतो. त्याला मी विचारलं, ‘अरे, पण फास्ट तू केलास ना?’ त्यावर तो म्हणाला, ‘मावशी, तू गाणी पळवतेस त्याचं काय?’ निरुत्तर झाले. मीच पळवत होते, व्हीसीआरच्या काळापासून.

आणि प्रकाश. याबद्दल कुणीच बोलत नाही. ‘तुंबाड’ मी पहिल्यांदा हॉलमधली ट्यूबलाइट लावून पाहिला. राही अनिल बर्वेचा हा सिनेमा पावसाच्या आणि कंदिलाच्या उजेडात घडतो. माझ्या टीव्हीवर त्या काळोख्या चौकटींत मला सगळ्यात स्पष्ट दिसत होती ती मी स्वतः, हातात चहाचा कप आणि मागे कॅलेंडर. त्यातला राक्षस, हस्तर, येतो तेव्हा मी माझ्याच प्रतिबिंबाकडे बघत होते. मग ‘ठीक आहे, उगाच डोक्यावर घेतलाय’ असं लिहून मोकळी झाले. 2018 च्या ऑक्टोबरात तो थिएटरात आला तेव्हा मोजक्या लोकांनी पाहिला. नंतरची सहा वर्षं तो घराघरांत, लॅपटॉपवर, हेडफोन लावून बघितला गेला. बघणाऱ्यांनी दिवे मालवले असणार, कारण 13 सप्टेंबर 2024 ला तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. घरी पाहून आवडलेला सिनेमा माणसं तिकीट काढून पुन्हा बघायला गेली. मीही गेले. माझं आधीचं मत मी तिथेच, इंटरव्हलला मागे घेतलं.

‘लापता लेडीज’चा प्रवास दुसऱ्या बाजूचा. 1 मार्च 2024 ला थिएटरात आला, बेताचा चालला. एप्रिलअखेर नेटफ्लिक्सवर येताच घराघरांत पोचला आणि सप्टेंबरात भारतातर्फे ऑस्करसाठी गेला. पण तो सिनेमा ट्यूबलाइटमध्येही तसाच दिसतो. प्रत्येक सिनेमाला अंधार लागत नाही, आणि हे वाईटपणाचं लक्षण नाही.

फिल्म सोसायटीवाल्यांचं कुठलं अर्धं पटलं ते आता सांगते. चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ 2020 मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार घेऊन आला आणि 30 एप्रिल 2021 ला नेटफ्लिक्सवर लागला. कोरोनाची दुसरी लाट भरात होती. मी तो तीन दिवसांत, तीन तुकड्यांत पाहिला. मधे फोन, मधे ऑक्सिजनचे निरोप. त्यातला गाणं शिकणारा शरद नेरुळकर रात्री मोकळ्या रस्त्यावरून मोटारसायकल चालवतो आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंची व्याख्यानं चालू असतात, हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. मला वाटलं, किती वेळा तेच. माईंना आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे आणि सिनेमा घरी पोचण्याच्या अकरा दिवस आधी, 19 एप्रिलला, त्या गेल्या होत्या. एवढं माहीत असूनही मी तो आवाज मागे चालू ठेवून डाळ निवडत होते.

‘संथ आहे, पण गाणं आवडत असेल तर बघा,’ असं मी तीन जणांना कळवलं.

पुढे हिवाळ्यात एकदा घर रिकामं होतं. दिवे घालवले, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि पहिल्यापासून लावला. तेव्हा कळलं की मोटारसायकल दर वेळी तशीच जाते, पण माणूस तोच राहत नाही. पहिल्यांदा तो ऐकतोय ती दीक्षा असते, नंतर तीच वाक्यं त्याला परवडेनाशी होतात. हे कळायला आधीची फेरी आठवत असावी लागते, आणि ती तासाभरापूर्वीची असावी लागते, परवाची नव्हे. तुकडे पाडले की नेमका हा धागा तुटतो. सिनेमा संथ नव्हता, मी तुटक होते. म्हणजे सोसायटीवाल्यांची अंधाराची आणि अखंड बसण्याची अट खरी. थिएटरची अट मात्र मला अजून मान्य नाही, कारण हे मला माझ्याच हॉलमध्ये कळलं.

मराठी सिनेमाच्या बाबतीत तर ‘घरीच बघू’ ही सवय जास्त महाग पडते. ‘बघू, ओटीटीवर आला की’ हे वाक्य हिंदी सिनेमाबद्दल निर्धास्तपणे म्हणता येतं. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या आठ आठवड्यांचं अंतर मागतात, तेवढं थांबलं की तो येतोच. मराठी सिनेमाचं तसं नाही. त्याला मोजके खेळ मिळतात, तेही दुपारी बाराला नाहीतर रात्री साडेदहाला. आपण घरी वाट बघत बसतो, खेळ उतरतात आणि सिनेमा कशावर येणार याचा पत्ता नसतो. वर्षभराने कधीतरी अचानक एखाद्या वाहिनीवर जाहिरातींसकट दिसतो. तेव्हा आपण भाजी निवडत बघतो आणि म्हणतो, ‘बरा होता की, चालला कसा नाही?’

उलट 30 जून 2023 ला आलेला ‘बाईपण भारी देवा’. केदार शिंदेच्या या सिनेमाची शिफारस बायकांनी बायकांना घरातूनच केली, फोनवर, भिशीत, वाड्यावाड्यांत, आणि मग नऊवारी नेसून, गट करून थिएटरं भरली. सिनेमा म्हणून मला तो मधे मधे भाबडा वाटतो आणि हे म्हटल्यामुळे दोन मैत्रिणी अजून टोमणे मारतात. पण आपलं घरगुती मत एखाद्या मराठी सिनेमाला किती उचलू शकतं याचं याहून ठळक उदाहरण अलीकडे नाही. ते मत पहिल्या आठवड्यात आलं म्हणून कामाचं ठरलं.

तेव्हा रविवारी सकाळी निकाल कळवताना दोन गोष्टी जोडा. आधी कसा पाहिलात ते लिहा: एका बैठकीत की तुकड्यांत, टीव्हीवर की फोनवर, दिवे चालू होते का, हातात काय होतं. मग आवडला का ते. मावशीची प्रतवारी उसनी घ्यायला हरकत नाही. आणि मराठी सिनेमा असेल तर तो कशावर आहे हे विचारण्याआधी एकदा कुठे लागलाय ते विचारा.

‘डिसायपल’बद्दल ज्या तिघांना मी ‘संथ’ म्हणून कळवलं होतं, त्यांतल्या दोघांना दुरुस्ती पाठवली. त्यांनी पाहिला, एकाला आवडला. तिसरे आमचे काका. माझ्या पहिल्या मतावर विसंबून त्यांनी तो अजूनही लावलेला नाही.